संत्र्याची साल, गव्हाचा कोंडा आणि पेक्टिनेज

आंबिया बहाराचा संत्रा उतरायला लागला की वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात जागोजागी चुरीचे, म्हणजे बारीक फळांचे, ढीग दिसतात. रस काढणाऱ्या युनिटच्या मागे त्याहून मोठा ढीग असतो, साल आणि चोथ्याचा. रस निघून गेल्यावर फळाचं जवळपास निम्मं वजन मागे उरतं आणि चार दिवसांत त्याला आंबूस वास सुटतो. बहुतेक ठिकाणी ते उकिरड्यावर जातं. पण वाळवलेल्या सालीत भरपूर पेक्टिन, म्हणजे रस-गर घट्ट करणारं द्रव्य, असतं, आणि पेक्टिन खाणारी बुरशी त्यावर वाढवली की ती पेक्टिन फोडणारं एन्झाइम, म्हणजे पेक्टिनेज, बनवते. हेच पेक्टिनेज फळप्रक्रिया करणारे लोक बाहेरून विकत आणतात.

ते लहान प्रमाणावर कसं बनवायचं आणि कुठे बिघडतं, ते इथे लिहितो. जीवशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकून गावाकडे परतलेली मुलं-मुली आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे लोक डोळ्यासमोर आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की तासाभराने कडवटपणा येतो, तो एन्झाइमने काढता येईल असं अनेकांना वाटतं आणि त्यासाठी नॅरिंजिनेजची चौकशी होते. नॅरिंजिनेज नॅरिंजिनवर काम करतं, आणि नॅरिंजिन हे ग्रेपफ्रूट-पपनसाचं दुखणं आहे. आपल्या संत्र्यात मागाहून येणारा कडवटपणा लिमोनिनचा. फळात असताना तो बिनकडू रूपात असतो. रसातल्या आम्लाशी गाठ पडली की हळूहळू लिमोनिन तयार होतं. त्यावर नॅरिंजिनेज किंवा पेक्टिनेज, दोन्हींचा उपयोग नाही. बिया न चिरडणं, चोथा रसात फार वेळ न ठेवणं आणि मोठ्या युनिटमध्ये कडू द्रव्य शोषणाऱ्या रेझिनमधून रस जाऊ देणं हे त्याचे उपाय.

शिवाय संत्र्याचा रस गढूळच हवा असतो. त्यात पेक्टिनेज घातलं की गाळ तळाशी बसतो आणि वर पिवळं पाणी राहतं. म्हणून पेक्टिनेजचं खरं काम दुसरीकडे आहे: पेरू, जांभूळ, बेल यांचा रस गाळताना, रस काढून झालेल्या गराचं दुसरं धुवण पातळ करताना, किंवा रस आटवताना तो घट्ट होऊन चिकटू नये म्हणून. बेलाचा गर ज्याने कधी फडक्यातून गाळला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको.

पेक्टिनेज हे एकच एन्झाइम नाही, ती एक टोळी आहे. पॉलीगॅलॅक्टुरोनेज पेक्टिनची साखळी तोडतं. पेक्टिन मिथाइलएस्टरेज साखळीवरचे मिथाइल गट काढून तिला तोडण्याजोगं करतं. पेक्टिन लायेज मिथाइल गट असतानाच साखळी कापतं. ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी हे तिन्ही बनवते आणि आम्लयुक्त रसात चालेल असं बनवते. म्हणून फळांच्या कामाला हीच वापरतात.

पद्धत जुनी आहे. जोकिची ताकामिने यांनी गव्हाच्या कोंड्यावर ॲस्परजिलस ओरायझी वाढवून स्टार्च फोडणारं एन्झाइम काढलं आणि १८९४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. आज मोठे कारखाने पोलादी टाक्यांत द्रव माध्यमात बुरशी वाढवतात. तिथे निर्जंतुक हवा, फेस, ढवळण्याची वीज असा सगळा पसारा लागतो. आपल्याकडे कोंडा आणि साल आहे, भांडवल आणि वीज बेताची. म्हणून ट्रेमधली घन पद्धत बरी.

बुरशी कुठून आणायची

सडलेल्या कांद्यावरची काळी बुरशी उचलून कामाला लावू नका. हे ठामपणे सांगतो. रानटी नायजरचे काही वाण ऑक्राटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन ही विषं बनवतात, आणि शेजारीच वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन बनवते. डोळ्यांनी यातलं काही कळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहातून पेक्टिनेजसाठी नोंदलेला वाण मागवा आणि त्याचा नोंदणी क्रमांक प्रत्येक खेपेच्या वहीत लिहा.

वाण आला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या बऱ्याच कुप्या करून ठेवा. बीजाणू १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, खोल गोठणीत. रोजच्या कामाला तिरप्या अगारवरच्या नळ्या ४ अंशांवर. नळीतून नळीत असं सारखं करत राहिलात तर दहा-बारा पिढ्यांत वाण थकतो: वाढ पांढरी राहते, बीजाणू कमी येतात, एन्झाइम घसरतं. असं दिसलं की मूळ कुपी उघडायची.

साल तयार करणं

ताज्या सालीच्या तेलात रस कडू करणाऱ्या लिमोनिनपेक्षा वेगळं एक द्रव्य असतं. ते म्हणजे लिमोनीन; नावं सारखी, काम निराळं. साल मोडल्यावर डोळ्यांत उडतं ते हेच तेल, आणि ते बुरशीला मारक आहे. ताजी साल कोंड्यात मिसळली की दोन दिवस काहीच उगवत नाही, आणि मग उगवतं ते नको असलेलं. दुसरी अडचण साखरेची. सालीला चिकटलेल्या रसात साखर असते, आणि ताटात गोड असताना ही बुरशी पेक्टिनची भाकर मोडायला जात नाही. साखर संपेपर्यंत ती पेक्टिनेज फारसं बनवतच नाही.

म्हणून सालीचे सेंटीमीटरभर तुकडे करा, उकळत्या पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवा, निथळा आणि एकदाच धुवा. दोनदा-तीनदा धुतलं तर विरघळणारं पेक्टिनही वाहून जातं, आणि बुरशीला जागं करायला तेच तर हवं असतं. मग जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर पातळ थर करून वाळवा. नोव्हेंबर-डिसेंबरचं ऊन त्याला चांगलं, पण रात्री दव पडतं, तेव्हा संध्याकाळी झाकायलाच हवं. एका रात्रीच्या ओलीने सालीवर हिरवी-निळी बुरशी धरते. अशी साल वेचून फेका, ‘उकळल्यावर मरेल’ म्हणून वापरू नका. बुरशी मरते, तिने सोडलेलं विष राहू शकतं.

साल मुठीत दाबल्यावर वाजून तुटली पाहिजे. ओल १० टक्क्यांच्या आत आली की ती अशी होते. दळताना पीठ करू नका, जाड रव्यासारखी ठेवा. दळलेली साल तळहातावर चोळून हुंगा. संत्र्याचा झणझणीत वास आला तर तेल अजून आहे, ती खेप पुन्हा उकळा.

मिश्रण आणि ओल

कोंडा ७ भाग, साल ३ भाग. नुसत्या सालीवर काम होत नाही, कारण भिजल्यावर पेक्टिन फुगून तिचा चिकट गोळा होतो आणि आत हवा जात नाही. कोंडा रोलर मिलमधला, जाड पापुद्र्याचा घ्या. बारीक कोंड्याचा चिखल होतो.

नत्रासाठी किलोमागे ५ ग्रॅम अमोनियम सल्फेट पुरतं. युरिया घरात असतो म्हणून तोच टाकायचा मोह होतो, पण युरिया फुटला की पीएच वर चढतो आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं. अमोनियम सल्फेटमधला नत्र बुरशीने उचलला की पीएच खाली येतो, आणि आपल्याला तेच हवं. सोबत १ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. पाण्याचा पीएच सायट्रिक आम्लाने ४.५ ते ५ वर आणा. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी यासाठी वापरू नका. त्या पाण्यात फॉस्फेट साक्याने खाली बसू शकतं, आम्लही जास्त लागतं. आरओचं पाणी घ्या.

आता ओल. हा हिशेब कागदावर करा, अंदाजाने नको. १ किलो कोरडं मिश्रण, त्यात आधीची १० टक्के ओल, म्हणजे ९०० ग्रॅम कोरडा माल. ओल्या मिश्रणात ५५ टक्के पाणी हवं तर एकूण वजन ९०० भागिले ०.४५, म्हणजे २ किलो. म्हणजे वरून १ लिटर पाणी. त्यातलं १०० मिली पुढे विरजणासोबत, म्हणजे बीजाणू मिसळलेल्या पाण्यातून, येणार आहे, म्हणून आता ९०० मिलीच घाला. हे १०० मिली विसरलं की माल पाणचट होतो, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. हाताची खूण अशी: मूठ आवळली की गोळा व्हावा, बोटांतून पाणी टपकू नये, आणि गोळा टिचकीने फुटावा.

निर्जंतुक करताना माल एका मोठ्या पिशवीत कोंबू नका. ओला कोंडा उष्णता आत जाऊ देत नाही. बाहेर १२१ अंश असताना पाच किलोच्या पिशवीच्या पोटात बॅसिलस या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात आणि दुसऱ्या दिवशी तार सुटते. किलोच्या चपट्या पिशव्या करा, १५ पौंड दाबावर ४५ मिनिटं. कुकरसारखं साधं यंत्र असेल तर आतली हवा पूर्ण निघून वाफेची सलग धार लागल्यावरच शिटी ठेवा. हवा अडकली तर काटा १५ दाखवतो, पण आत १२१ अंश झालेले नसतात.

विरजण

बीजाणूंचं प्रमाण दर ग्रॅम कोरड्या मालाला १ कोटी. किलोला १,००० कोटी, म्हणजे दर मिलीत १० कोटी असलेलं १०० मिली पाणी. एवढे बीजाणू नळ्यांतून खरवडत बसण्यापेक्षा फ्लास्कमध्ये २० ग्रॅम कोंड्यावर बुरशी ६-७ दिवस काळीभोर होऊ द्या आणि ०.१ टक्का ट्वीन ८० घातलेल्या निर्जंतुक पाण्याने धुवून घ्या. ट्वीन नसेल तर बीजाणू पाण्यावर तरंगतात, मिसळत नाहीत. हिमोसायटोमीटरवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या मोजणीच्या काचेवर, मोजा, मग पातळ करा. कमी विरजण म्हणजे बुरशीला उशीर आणि जिवाणूंना संधी. फार जास्त म्हणजे सगळी एकदम उगवते आणि उष्णताही एकदम फुटते.

ट्रे आणि ऊब

या कामात सगळ्यात जास्त खेपा उष्णतेने जातात. ६० बाय ४० सेंटीमीटरच्या स्टीलच्या ट्रेत २ किलो ओला माल पसरला की थर दोन ते अडीच सेंटीमीटरचा होतो. तेवढाच ठेवा. जागा वाचवायला पाच-सहा सेंटीमीटर केला तर मधला माल स्वतःच्याच उष्णतेत शिजतो: वर पांढरीशुभ्र वाढ, आत तपकिरी, गरम, आंबट वासाचा थर. वरून पाहणाऱ्याला खेप झकास वाटते.

खोली २८ ते ३० अंश, हवेतली ओल ९० टक्क्यांच्या आसपास. थर्मामीटर खोलीत नाही, ट्रेच्या मध्यभागी मालात खुपसलेला हवा. पहिले दहा-बारा तास काही दिसत नाही. बीजाणू फुगून कोंब काढत असतात आणि उष्णता जवळपास शून्य. थंडीच्या दिवसांत इकडे रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो, त्या वेळी याच तासांत खोलीला ऊब द्यावी लागते. साधारण सोळाव्या तासापासून माल कोमट लागतो, पांढरी झाक येते, भिजल्या कोंड्याचा वास जाऊन अळंबीसारखा वास येतो. इथून पुढे ऊब देणं बंद आणि काढणं सुरू. मालाचा पारा ३५ च्या वर जाऊ देऊ नका. ३८-४० वर गेला की बुरशी मरत नाही, पण एन्झाइम कमी होतं आणि ती खेप पुन्हा सावरत नाही.

चोविसाव्या तासाच्या आसपास धाग्यांनी सगळ्या मालाची एक पोळी बांधली जाते आणि ती कडेने सुटते. तेव्हा हातमोजे घालून ती मोडा, खालचं वर करा, पुन्हा तेवढ्याच जाडीने पसरा. मोडणी हलक्या हाताने. रगडलं तर धागे तुटतात. मोडणीने अडकलेली वाफ निघते आणि पारा काही अंश लगेच उतरतो. १ लिटर पाणी उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतं, त्यामुळे ओल्या हवेचा संथ झोत हाच खरा थंडावा. कोरडा पंखा लावला तर वरचा थर पापडासारखा वाळतो.

वैशाखात बाहेर ४५ अंश असताना कूलर लावणं सगळ्यांना सुचतं. हवा थंड आणि दमट, दोन्ही हवंच. पण कूलरच्या गवती जाळीत आणि टाकीतल्या पाण्यात हिरव्या बुरशीचं माहेर असतं, आणि तो पंखा ते बीजाणू थेट ट्रेवर मारतो. कूलर वापरायचाच तर तो खोलीबाहेर ठेवा, हवा फिल्टरमधून आत घ्या, टाकी रोज रिकामी करा. याहून सोपं म्हणजे मे महिन्यात उबवण बंद ठेवणं आणि तो काळ गाळणी-दुरुस्तीला देणं. वीज जाण्याचा धोका वर्षभर आहे. दिवस आखताना विसावा ते चाळिसावा तास भारनियमनाच्या वेळेत येणार नाही, असं विरजण लावा.

अठ्ठेचाळिसाव्या तासापासून दर ८ तासांनी नमुना काढून मोजा. सहसा ७२ ते ९६ तासांत कमाल येते, पण ते तुमच्या वाणावर आणि सालीवर ठरतं. माल पूर्ण काळा होईपर्यंत थांबण्यात फायदा नाही. अर्क काळपट होतो आणि बीजाणूंची धूळ छातीला वाईट.

काय बिघडलं ते नाकाने आणि डोळ्यांनी कळतं. अमोनियाचा वास आणि तार म्हणजे बॅसिलस: ओल जास्त किंवा वाफ कमी. पिवळट-हिरवे ठिपके म्हणजे फ्लेव्हसची शंका. अशा वेळी ठिपका काढून बाकी माल वापरायचा नाही, अख्खा ट्रे बाद. भगव्या-गुलाबी पिठासारखी वाढ म्हणजे न्यूरोस्पोरा. ती खोलीभर पसरते, ट्रे तिथेच न हलवता पिशवीत बांधा आणि पिशवीसकट वाफवा. राखाडी मिशा आणि त्यावर काळे टाचणीडोके म्हणजे रायझोपस. यातलं काहीही गुरांना घालू नका.

अर्क आणि मोजणी

तयार माल पीएच ४.५ च्या सायट्रेट बफरमध्ये (पीएच स्थिर धरणाऱ्या द्रावणात), किलो कोरड्या मालाला ५ ते १० लिटर, खोलीच्या तापमानाला तासभर हलवत ठेवा. मलमलच्या फडक्यातून पिळा, मग सेंट्रिफ्यूज किंवा बारीक गाळणी. चोथा पुन्हा थोड्या बफरमध्ये भिजवून तो अर्क पुढच्या खेपेला पहिला बफर म्हणून वापरला की बरंच एन्झाइम वाचतं.

‘अर्क चांगला घट्ट आहे’ याला काही अर्थ नाही. आकडा हवा. डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) हे रसायन वापरून, रंगावरून, पेक्टिनमधून सुटलेलं गॅलॅक्टुरोनिक आम्ल मोजतात. १ मिनिटात १ मायक्रोमोल सोडणारं ते १ युनिट. समजा ग्रॅमला १० मिली अर्क काढला, तो २० पट पातळ केला, त्यातला अर्धा मिली अर्धा मिली १ टक्का पेक्टिनसोबत ५० अंशांवर १० मिनिटं ठेवला आणि ५४० नॅनोमीटरवर ३८८ मायक्रोग्रॅम आम्ल सापडलं. १९४ ने भागलं तर २ मायक्रोमोल. दहा मिनिटांत २ म्हणजे मिनिटाला ०.२, तेही अर्ध्या मिलीत, मिलीला ०.४. गुणिले २०, ८ युनिट. गुणिले १०, ग्रॅमला ८० युनिट.

हा आकडा फुगण्याचं एक नेहमीचं कारण आहे. अर्कात कोंड्याची आणि सालीची साखर आधीच असते आणि डीएनएस तीही मोजतं. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत त्याच अर्काची एक नळी अशी लावा, जिच्यात डीएनएस आधी आणि पेक्टिन नंतर पडेल. तो आकडा वजा केल्याशिवाय जाहीर केलेल्या युनिटवर विश्वास ठेवू नका, स्वतःच्यासुद्धा.

अर्क तसाच ठेवला तर नासतो. अल्ट्राफिल्ट्रेशनने, १० किलोडाल्टनच्या पडद्यावर, आटवा. साखर-क्षारही त्यात निघून जातात. प्रयोगशाळेत अमोनियम सल्फेटने साका पाडतात, पण खाद्यकामाला ते क्षार पुन्हा काढत बसावे लागतात. आटवलेल्यात ग्लिसरॉल किंवा सॉर्बिटॉल घालून ४ अंशांवर ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा.

रसावर चाचणी

पेरूचा गर १०० मिलीच्या पाच बीकरमध्ये घ्या. एन्झाइम शून्य, १०, २०, ४०, ८० युनिट. ४५ ते ५० अंशांवर दोन तास. मग प्रत्येकातला थोडा रस गाळून, त्याच्या दुप्पट, १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये टाका आणि दहा मिनिटं थांबा. पेक्टिन उरलं असेल तर जेलीचे धागे किंवा गाठी तरंगतात. संपलं असेल तर नितळ. ज्या सगळ्यात कमी मात्रेला नितळ आलं ती तुमची मात्रा. शून्याचा बीकर टाळू नका. नुसत्या उष्णतेने काय झालं हे तोच सांगतो. काम झालं की रस ९० अंशांवर मिनिटभर नेऊन एन्झाइम थांबवा.

अकोल्याकडच्या डाळ मिलवाल्यांकडून विचारणा होते की याने तुरीची साल सुटेल का. साल आणि डाळ यांच्यामधल्या डिंकात पेक्टिनसोबत इतरही बहुशर्करा असतात, म्हणून एकट्या पेक्टिनेजची अपेक्षा करू नये. झायलानेज आणि सेल्युलेजची जोड लागते. तेल-पाण्याच्या पद्धतीशी एकाच गाडीतल्या तुरीवर तुलना केल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

विकण्याआधी

बाहेर विकायचं असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खालचा परवाना लागतो, आणि एन्झाइम कोणत्या सूक्ष्मजीवापासून आलं हे नियमांतल्या यादीशी जुळावं लागतं. एफएओ-डब्ल्यूएचओच्या संयुक्त तज्ज्ञ समितीच्या कसोट्या लक्ष्य म्हणून ठेवा: शिसं किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नको, कोलिफॉर्म ग्रॅममागे ३० च्या वर नकोत, साल्मोनेला आणि ई. कोलाय २५ ग्रॅममध्ये सापडता कामा नयेत. बुरशीजन्य विषाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून, प्रत्येक नव्या सालीच्या साठ्याला. माल गव्हाच्या कोंड्यावर वाढला आहे हे ग्राहकाला सांगा, ग्लूटेन ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी.

काम करणाऱ्यांसाठी एन९५ मास्क आणि हातमोजे सक्तीचे. एन्झाइमची आणि बीजाणूंची धूळ वर्षभर अंगवळणी पडल्यासारखी वाटते आणि मग अचानक दमा सुरू होतो. खोली कधीही कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. पिळून उरलेला चोथा ४५ मिनिटं वाफवा आणि मगच शेणखताच्या खड्ड्यात टाका. ताजा टाकला तर त्याचे बीजाणू वाऱ्याने पुन्हा तुमच्याच ट्रेवर, नाहीतर शेजारच्या वाळत घातलेल्या तुरीवर येतात.